जावई गच्चीवर आहे

महाजन काकांना सकाळी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते इमारतीची तब्येत सांगतात. "रात्री बरी झोपली. पण पहाटे तिसऱ्या मजल्यानं कूस बदलली. कोणी तरी गीझर चालू सोडला." नव्या माणसाला वाटतं, यांच्या घरात कुणी तरी अंथरुणाला खिळलंय. तो हळहळतो, आणि काका त्याची हळहळ स्वीकारतात.

बुऱ्हाणपुरात खंडवा रोडला एक चार मजली खासगी रुग्णालय आहे. तिथले दिवे, लिफ्ट, पंप, एसी, सगळं काकांच्या ताब्यात. मी त्यांच्या हाताखाली. मी जवळच्याच जसोंडी गावचा. आमच्या घराण्यात केळी पिकवणारे पुष्कळ झाले, बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. त्यामुळे काका मला नावानं हाक मारतच नाहीत. "ए बी.एस्सी., इकडे ये! पहाय रेघ काय म्हणून राह्यली!"

रेघ म्हणजे ग्राफ. आमच्याकडे मजल्यामजल्याला आणि यंत्रायंत्राला वेगळा मीटर आहे. कुठे किती वीज चालली, ते काकांच्या कॉम्प्युटरवर रेघांनी उमटत राहतं. खाली डॉक्टर ईसीजी बघतात, त्याच्या दुप्पट गंभीर चेहऱ्यानं काका वर ही रेघ बघतात. "इमारत खोटं नाही बोलत, बाप्पा. खोटं मानसं बोलतात."

एकदा हिशेब विभागाची रेघ अकराच्या सुमाराला टुणकन उडी मारायला लागली. काकांनी दोन दिवस नुसती वेळ टिपून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिथे जाऊन उभे राहिले, नाक वर केलं आणि म्हणाले, "पोहे झ्याक झाले. लिंबू नाही पिळलं का?" फायलींच्या कपाटातून बिजलीची शेगडी निघाली. शेगडी जप्त झाली. पोहे काकांनी खाल्ले. "हा पुरावा आहे," म्हणाले, "असा टाकून देता येत नाही."

त्या वर्षांत इंदूरच्या मुख्य कचेरीनं आपल्या सगळ्या इमारतींची यंत्रणा एकमेकींना जोडायला घेतली होती. आमची रेघ इंदूरला दिसायची, इंदूरचा हुकूम इकडे यायचा. इंदूरवाले याला इंटिग्रेशन म्हणत. काका सोयरीक म्हणत. "आपली पोरगी इंदूरले दिली. आता उठता-बसता व्याह्याचा फोन."

व्याही म्हणजे दुबेजी, तिथले इंजिनियर. सगळ्या मीटरांना सिस्टिममध्ये नावं द्यायची होती. दुबेजींच्या मनात एम-वन, एम-टू असलं काही असणार. पण बोलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काकाजी, जो नाम आपको याद रहे, वही डाल दो."

सोयरीक झालीच होती. काकांनी नाती टाकली.

लिफ्टचं नाव नणंद. "खालचं वर, वरचं खाली, आन मधीच अडकून बसते." पाण्याचा पंप आत्या, कारण सगळ्यांच्या आधी उठून आवाज करतो. एक्स-रे मशीन मामा. क्वचित येतो, पण आला की दणका देऊन जातो. शस्त्रक्रियेच्या खोलीचं नाव आई. तिथे कुणी हात लावायचा नाही. आणि गच्चीवरचा एसीचा मोठा प्लांट, ज्याच्या गारव्यावर बाह्यरुग्ण विभाग, कचेरी आणि आम्ही सगळे जगतो, तो जावई. "उन्हाळ्यात येतो, बसून खातो, आन मानपानात जरा कमी पडलं की रुसतो. दुसरं काय नाव देऊ?"

इंदूरच्या बैठकीत मग दुबेजींना मोठ्या साहेबांसमोर वाचावं लागे, "बुरहानपुर में जावई का लोड बहुत बढ़ गया है।" फोनवर ते रडकुंडीला यायचे. "काकाजी, साहब पूछते हैं, ये जावई इतना खाता क्यों है?"

"तो मई में जावई नहीं खाएगा तो कौन खाएगा?"

रुग्णालयात ही नावं इतकी रुळली की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "आज नणंद बंद आहे का? जिन्यानं जावं लागलं." जावयाला तर काका आपल्यासमोर एकेरीत बोलूच देत नसत. त्याच्या जाळ्या स्वतः धूत. उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून त्याच्याजवळ बसत आणि म्हणत, "काय जावईबापू, आज नाराज?"

खरा जावई मात्र त्यांच्या उंबऱ्याला कधी शिवला नव्हता. मुलगी मीनल उज्जैनला नोकरीला गेली आणि तिथल्याच एका हिंदी घरच्या मुलाशी, अंकितशी, स्वतःच्या मर्जीनं लग्न करून मोकळी झाली. काका लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर मीनल आईशी बोलायची; काकांच्या आणि अंकितच्या मध्ये शब्द नव्हता.

त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. मी केळी द्यायला इतवाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेलो, तर काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "धोंड्याचा महिना आहे रे. अनारशाचं पीठ करून ठेवलं मी. पण आमंत्रण सासऱ्याच्या तोंडून जायला पाहिजे. मी बोलवलं तर जावई कोणत्या मानानं येईल? महिना सरत आला. तुझं ऐकतात ते. सांगून पहाय."

मी सांगून पाहिलं. काका रेघेवरून नजर न काढता म्हणाले, "सिस्टिममधी आहे न एक जावई. बस झाला."

त्याच आठवड्यात दुबेजींनी नवी सोय केली. यंत्र बंद पडलं की ठरलेल्या मोबाइलवर आपोआप संदेश. काकांचा फोन जुना, बटणांचा. त्यावर हिंदी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. म्हणून त्यांनी काकूंचा नंबर दिला. काकूंना सांगायचं राहून गेलं. घरी ऑफिसची गोष्ट काढायची नाही, असा त्यांचा नियमच होता.

भर दुपारी वीज खालीवर झाली आणि प्लांट बसला. काका पाना घेऊन गच्चीवर धावले. तिकडे इतवाऱ्यात काकूंच्या फोनवर पहिलाच संदेश आला: "जावई ट्रिप। कोई प्रतिक्रिया नहीं। तुरंत देखें।"

ऑफिसातला फोन मी उचलला.

"अरे, जावयाचं काय झालं? मले मेसेज आला!"

मला वाटलं, काकू कामात किती लक्ष घालतात! मी धीर दिला. "घाबरू नका काकू. सकाळपासून तापलेलाच होता. आता एकदम थंड पडला."

"थंड पडला?"

"हो. धडधड होती, तीही थांबली. काका त्याच्याजवळच आहेत."

मी आणखी धीर दिला. "आज ना उद्या हे व्हायचंच होतं काकू. इंदूरवाले म्हणतात, नवीन पाहू."

"नवीन पाहू?" काकूंनी अशी किंकाळी फोडली की फोन माझ्या हातातून निसटला. "अरे मेल्या, नवीन पाहू म्हणतो?"

रिक्षा करून त्या थेट रुग्णालयात आल्या. पायात चप्पल नाही. "माझ्या जावयाला कुठे ठेवलं?" स्वागतकक्षातल्या मुलीनं कामातून मान वर न करता सांगितलं, "गच्चीवर."

"एवढ्या उन्हात?"

"तो तिथेच असतो."

मी जिन्याकडे धावलो, तोवर काका खाली उतरत होते. हात ग्रीसनं काळे, डोक्याला पंचा. काकूंनी त्यांचा सदरा धरला. "आपला जावई गेला हो! पोरगी उघडी पडली!"

आता, साऱ्या बुऱ्हाणपुरात या वाक्याचा अर्थ पहिल्यांदा ज्याला कळायला हवा, तो माणूस हाच. नाव त्यांनीच दिलेलं. नंबर त्यांनीच दिलेला. मी तोंड उघडलंसुद्धा, "काकू, तो जावई म्हणजे..."

काकांनी ऐकलंच नाही. हातातला पाना जिन्यावरून खणखणत खाली गेला. ते ऑफिसात शिरले, माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. कुठे पाहिलं नाही, काकूंना विचारलं नाही. बोटं सरळ चालली, रोजच्या वाटेनं चालावीत तशी.

दोन घंट्या वाजल्या. काका उभेच.

"हॅलो? जी, कौन?" तरुण, धडधाकट आवाज. मागे कुणी तरी हसत होतं.

काकांनी डोळे मिटले आणि ते खुर्चीत बसले. मी काकूंच्या कानात एसी, प्लांट, मीटर असं भराभरा सांगत होतो. काकू एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या, आणि पदर तोंडात धरून हसू लागल्या होत्या की रडू लागल्या होत्या, मला सांगता येणार नाही.

"मैं बुरहानपुर से," काका शेवटी म्हणाले. "मीनलचा... मीनल का बाप."

"बाबूजी? प्रणाम बाबूजी! सब ठीक तो है?"

"सब ठीक. ऐसेच लगाया." काकांनी पंचा सोडून कपाळ पुसलं. ग्रीसचा काळा पट्टा उमटला. "वो अपने में ये धोंडे का महीना रहता. इसमें जावई का मान रहता. मीनल की माँ ने अनारसे का आटा करके रखा. तो आप दोनों..."

तेवढ्यात दुसरा फोन खणाणला. इंदूर. दुबेजी ओरडत होते, "अरे, आपका जावई इतनी देर से बंद क्यों है? काकाजी को दो!"

मी फोन पुढे केला. काकांनी आपल्या हातातल्या फोनवर काळा तळवा झाकला आणि माझ्यावर डोळे वटारले.

"थांबाले सांग त्याले. दिसत नाही का? जावई बोलून राह्यले."