माशी बसेना

मासळीवाल्या कार्सुमच्या बांगड्यांवर माशी बसत नव्हती, आणि तेगल शहराच्या बाजारात यासारखी बदनामी नाही. टिकावी म्हणून औषध मारलेल्या मासळीकडे माशी फिरकत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला आईच्या दुधाबरोबर कळतं.

खरं तर कार्सुमनं सगळं सरळ केलं होतं. अन्न तपासणीवाल्यांनी जाहीर केलं, ज्याचा ठेला स्वच्छ त्याला ‘येथील मासळी सुरक्षित’ अशी हिरवी पाटी. यानं ठेला घासला, बर्फ दुप्पट केला, माश्या हाकलायला पट्ट्यांचा पंखा लावला. तपासनीस एस्तीबाई, तिथल्या बोलीत बू एस्ती, आल्या, बांगड्याचा तुकडा नळीत घालून हलवला, पास म्हणाल्या, पाटी टांगून दिली. मग पिशवी काढून घरची मासळी घेतली, ती मात्र शेजारच्या म्हाताऱ्या बू रासिनेमकडून. ते कार्सुमला तेव्हाच खटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बू वास्तिरी आली. रोजचं गिऱ्हाईक, कार्सुमला ‘कांग’ म्हणजे दादा म्हणणारी. तिनं बांगड्याचे डोळे पाहिले, कल्ले उचकले, मग पाटी वाचली.

“कांग कार्सुम, माशी कुठाय?”

“पंखा आहे ना, बू.”

“आणि ही पाटी कशाला?”

“मासळी सुरक्षित आहे म्हणून.”

“मग लिहावं का लागलं?” असं म्हणून ती रासिनेमकडे वळली. तिथं माश्यांचं मोहोळ उठलं होतं आणि बायकांचंही.

उन्हं चढेपर्यंत बातमी मसाल्याच्या गल्लीपर्यंत पोचली. कुणी म्हणालं, पाटी विकत मिळते. कुणी म्हणालं, त्याची मांजरंही आता त्याच्याकडे येत नाहीत. खरं तर मांजर एकच होतं आणि ते रासिनेमकडे जायचं. माशी नक्की कुठं शिंकली हे कार्सुमला कळेना, कारण माशीच नव्हती. बर्फ वितळत होता. दुपारपर्यंत टोपली खपली नाही तर माल फेकायचा, आणि असं आठवडाभर चाललं तर ठेलाच सोडायचा.

त्यानं पंखा बंद केला. माशी येईना. इतकं घासलं होतं की तिला यायला कारणच नव्हतं. शेवटी तो रासिनेमकडे गेला.

“बू, थोड्या माश्या इकडे हाका ना.”

“माझ्या माझ्याकडे राहू देत. तू सरकारी माणूस,” म्हातारी म्हणाली.

मग कार्सुमनं लाज गुंडाळली. ताडगुळाचं पाणी केलं, फळीच्या कडेला शिंपडलं, खाली मासळीची आतडी ठेवली. घटकाभरात सगळा ठेला भणभणला. बू वास्तिरी परत आली, माश्या पाहून तिचा चेहरा उजळला. मागोमाग रांग लागली.

आणि रांगेच्या शेवटी बू एस्ती.

रांग बाजूला झाली. बू एस्तींनी माश्या पाहिल्या, बंद पंखा पाहिला, खालची आतडी पायानं पुढं ओढून पाहिली.

“कांग, पाटी काढावी लागेल.”

“काढा, बू.”

त्यांनी पाटी उतरवली, पुसून काखेत मारली. मग इकडंतिकडं बघून पर्समधून पिशवी काढली.

“आता दोन किलो दे,” त्या हळूच म्हणाल्या. “पाटी होती तोवर धीर होत नव्हता.”