बॉनेटखालचा आठ

उदगीरच्या मोंढ्यात आडत चालवणाऱ्या शिवशंकरनं त्या रविवारी ठरवलं ते एवढंच, की सासऱ्यांच्या मोटारीचं बॉनेट उघडायचं आणि आतली धूळ फडक्यानं पुसायची. बस. (फडकं कशिद्याचं होतं. ते बायकोनं, गौरम्मानं पाहुण्यांसाठी जपलेलं टेबलक्लॉथ होतं, हे नंतर कळलं.)

मोटार वीरण्णांची. काळी, विलायती, पेट्रोलवरची, नव्या बुटासारखी चकचकीत. लेकीकडे कायमचे राहायला आले तेव्हा वीरण्णांनी एक ट्रंक आणि ही मोटार आणली. ट्रंक जावयाला उचलू दिली. मोटारीला हात लावू दिला नाही. "जावईबापू, तुमी सोयाबीनची पोती बघा," एवढंच म्हणाले. पण आता लातूरला जुन्या मोटारींचा मेळावा होता. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली मोटार पहिली येणार होती, आणि म्हाताऱ्याचे गुडघे क्लच दाबायला तयार नव्हते. नाइलाजानं जावयाला परवानगी मिळाली. "पुसा. पर हळू."

शिवशंकरनं पुसता पुसता बॉनेटखाली एक पत्र्याची पट्टी हुडकून काढली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कुणीतरी निष्काळजीपणे मारलेल्या काळ्या रंगाचे ओघळ. त्यानं फोटो काढून जुन्या मोटारींच्या वॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिथल्या जाणत्यांनी समजावलं, की ही मोटारीची जन्मपत्रिका. पहिलं अक्षर सालाचं, शेवटची दोन रंगाची, मधला आकडा मोटार कशासाठी बांधली त्याचा. आठ म्हणजे घरगुती. तीन म्हणजे टॅक्सी.

शिवशंकरनं चष्मा पुसून पाहिलं. तीन.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. शिवशंकर थेट सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, आपली गाडी टॅक्सी हाय."

वीरण्णांच्या हातातली चहाची बशी कलली. "काय म्हन्लाव?"

"टॅक्सी. कंपनीनंच लिवलंय."

"अय्यो!" गौरम्मा स्वयंपाकघरातून उलथणं घेऊनच आली. "माझी वरात त्या गाडीतून निघाली होती! म्हंजे काय, मी शेअर टॅक्सीनं सासरी आले?"

"आपुन दोघंच हुतो की. स्पेशल म्हन," शिवशंकरनं दिलासा दिला. (तो त्याला खरोखरच दिलासा वाटला होता.)

वीरण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आता शिवशंकरला पुरावा शोधणं भाग पडलं. टॅक्सी असेल तर टप पिवळा असणार. त्यानं शिडी लावून टपाच्या कडेची खाच टाचणीनं कोरली. आतून पिवळं निघालं!

झालं. त्याच्या अंगात संचारलं. मोटार कारखान्यातून निघाली तशीच हवी ना? मग टप पिवळा करायचा. दुकानाच्या शटरला आणलेला पिवळा ऑइलपेंट उरलाच होता. दुपारभर राबून त्यानं टप रंगवला आणि वाळवायला गाडी रस्त्यावर काढून ठेवली.

संध्याकाळी गौरम्मा दारात आली तेव्हा मागच्या सीटवर एक बाई बोचकं घेऊन बसली होती.

"देगलूरला कवा सुटतीय वो?" बाईनं विचारलं.

बाईला उतरवायला बराच वेळ गेला. ती खिडकीची जागा सोडायला तयार नव्हती. मग गौरम्मानं टपाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"हे काय करून राहिलाव?"

"पुरावा सापडला. खाचेत पिवळा रंग हाय."

"अवो, ती हळद हाय! दर दसऱ्याला मीच लावते!"

शिवशंकर शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. आतल्या खोलीत वीरण्णा खोकले. त्या एका खोकल्यात वरातीपासूनचं सगळं होतं. त्याला पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं. म्हाताऱ्यानं आयुष्यात मिरवावं असं एकच केलं होतं, ही मोटार घेतली होती. आणि जावयानं ती एका दिवसात देगलूरच्या रस्त्याला लावली.

सकाळी त्यानं थिनर घेतलं, मोरीवरचा एक छोटा ब्रश घेतला आणि ती पट्टी हळूहळू घासायला बसला. काळा ओघळ सुटला, आणि तिनाची डावी बाजू उजेडात आली. तीन नव्हताच तो. अर्धा बुजलेला आठ होता! रंगाची अक्षरं ग्रुपवर विचारली. उत्तर आलं, काळा. अस्सल, कारखान्याचा काळा.

"मामा! आठ हाय, आठ!"

वीरण्णा कवळी बसवत बाहेर आले. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. "आठ ऱ्हाऊ द्या. माझ्या दाताला थिनरचा वास का येऊन राहिलाय?"

टपाचा पिवळा काढताना शिवशंकरच्या बोटांची सालं निघाली, पण खालचा काळा शाबूत राहिला. मेळाव्याला तिघंही निघाले. वीरण्णा पुढे बसले, तोंडानं गिअर सांगत.

लातूरच्या मैदानावर निलंग्याचे चन्नबसप्पा आपल्या लालभडक मोटारीला टेकून उभे होते. तीही वीरण्णांच्या मोटारीच्याच कंपनीची. पिवळ्या टपाची बातमी तिथवर पोचली होती.

"काय शिवशंकरप्पा, सवाऱ्या भरल्या का?" ते मोठ्यानं म्हणाले, आणि परीक्षक वर्षाराणी मॅडमकडं वळले. "म्याडम, ही टॅक्सी हाय. सगळ्या उदगीरनं बघितलंय."

वीरण्णांची मान खाली गेली. ती पाहिली आणि शिवशंकर पुढे सरसावला. त्यानं बॉनेट उघडलं आणि पट्टीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं. हे साल. हा आठ, म्हणजे घरगुती. हा काळा, कारखान्याचा. मॅडमनी भिंग लावून मान डोलावली.

"तुमचीही दाखवा," त्या चन्नबसप्पांना म्हणाल्या.

"बघा की. मी काय भितो?"

शिवशंकर वाकला. आकडा दिसला; पण तो आता शहाणा झाला होता. त्यानं रुमाल काढून डावी बाजू चांगली घासली. परत घासली.

"तीन," तो हळूच म्हणाला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "निलंगा, निलंगा! चला, एक सीट!" आणि सगळं मैदान हसलं. चन्नबसप्पासुद्धा, जरा उशिरानं.

पहिल्या बक्षिसाचा चषक वीरण्णांनी घेतला. मग खिशातून मोटारीची चावी काढून जावयाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच." गौरम्मानं डोळ्याला पदर लावला.

परतताना शिवशंकर राजासारखा चालवत होता. नळेगावच्या अलीकडं एका पंपावर त्यानं गाडी घेतली. पंपावरची पोरगी पाइप घेऊन काहीतरी विचारत होती. पण चषक पाहून लोक जमले होते आणि शिवशंकर आठाची गोष्ट रंगवून सांगत होता.

"हाव हाव, भर! टाकी फुल!"

दोन वळणं गेली. मोटार खोकली, काळा धूर सोडला आणि थांबली.

उदगीरच्या वेशीतून ती शिरली ती उसाच्या ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधून. स्टिअरिंगवर शिवशंकर, शेजारी चषक मांडीवर घेतलेले वीरण्णा. मागून गौरम्मा म्हणाली:

"त्या पट्टीवरलं बारीक इंग्रजी वाचलाव तुमी. पंपावर मराठीत लिवलं होतं, हाताएवढ्या अक्षरात. डिझेल."