नानांची खालची खुंटी

नाना खरपुडकर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करत, माणसांची नंतर. उंबरा ओलांडला की बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायची, "मातीची आहे, सहज बसेल" किंवा "वीट दिसते, छिन्नी लागेल" असं स्वतःशीच म्हणायचं आणि मग घरमालकाला नमस्कार. घरमालक काय काम काढलंत म्हणेपर्यंत खांद्यावरच्या पिशवीतून हातोडी आणि बाभळीची खुंटी बाहेर आलेली असे, आणि तो बसा म्हणेपर्यंत खुंटी भिंतीत गेलेली असे. तीही नानांच्या कमरेच्या चार बोटं खाली. नाना मुळातच बुटके, त्यामुळे ती खुंटी कुठे असेल याचा अंदाज करावा.

"ही तुमच्या धाकट्याची," नाना समजावून सांगत. "त्याची टोपी, त्याचा सदरा इथं राहील. त्याचा त्यानं काढायचा, त्याचा त्यानं अडकवायचा. मान वर करून किती मागायचं माणसानं?"

यातला माणूस म्हणजे तीन-साडेतीन वर्षांचं पोर.

चिंचवडला आमचं एक शिशुशिक्षण प्रसार मंडळ होतं. अध्यक्ष सोपानराव पाटील, सचिव नाना आणि खजिनदार मी. मी इथल्या शाळेत मास्तर, म्हणून हिशेब येत असेल असा सर्वांचा समज. मंडळाने स्वतः शाळा कधी काढली नाही. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी गावोगाव बालवाडी हवी, हे लोकांना पटवायचं, एवढंच आमचं काम. पन्नास सालानंतरचे ते दिवस. नवं राज्य होतं आणि कुणी काही पटवायला आलं की लोक निदान ऐकून तरी घेत. बसायला आम्हाला पाटलांचं धान्याचं कोठार होतं.

नाना सायकलवरून ताथवड्याला जात, मारुंजीला जात, पिंपळे सौदागरला जात. चावडीवर दहा माणसं जमली की भाषण. भाषण झालं की खुंट्या. मारुंजीत एका म्हातारीने त्यांना मध्येच थांबवलं. "आमची पोरं काय बिनखुंटीची वाढली न्हाईत व्हय?" नाना गंभीरपणे म्हणाले, "वाढली आजी, पण मागून मागून वाढली." म्हातारीला ते काही कळलं नाही, पण खुंटी तिने ठोकू दिली. महिन्याभराने आम्ही पाहायला गेलो तर त्या खुंटीला वासरू बांधलेलं. ताथवड्याला एकाने खुंटीवर कोंबड्यांचं डालगं टांगलं होतं. आमच्या घरी तर खुंटी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसली. "भिंत आपली, पोपडे आपण झाडायचे, आणि मंडळ मात्र यांचं," असं आमची मंडळी महिनाभर म्हणत होती. मग आमच्या तीन वर्षांच्या सुशीने तिथे आपलं झबलं अडकवायला सुरुवात केली आणि घरातली कुरकूर थांबली.

एवढा भिंती फोडणारा माणूस, पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की मिटून जाई. जेवायला बसले की पानात जे पडेल ते खायचं. एकदा आमच्याकडे आमटीत मीठच नव्हतं. मी तोंडात घास घेऊन ओरडेपर्यंत नानांची अर्धी वाटी संपली होती. एका पावसाळ्यात त्यांची छत्री पाटलांच्या ओसरीवर राहिली. नाना सगळा पावसाळा डोक्यावर गोणपाट घेऊन हिंडले आणि पाटलांचा गडी नानांची छत्री घेऊन म्हशी वळत होता. दिवाळीला उलगडा झाला तेव्हा पाटलांनी कपाळावर हात मारला. "अवो, मागायची न्हाई का राव? मला वाटलं, कुणी टाकून दिली!"

"तुमच्या लक्षात येईल असं वाटलं," नाना म्हणाले.

टोपीची तऱ्हा आणखी वेगळी. दुसऱ्याच्या घरी ते टोपी काढून ठेवत नसत. जेवताना काढावीच लागली तर घडी करून मांडीखाली दाबत. यजमानाने "द्या, वर ठेवतो" म्हणून हात पुढे केला की नाना मांडी आणखी घट्ट करत. मला वाटे, टक्कल लपवत असतील.

पुढे सडकेच्या कडेला कारखाने उभे राहू लागले आणि पाटलांच्या कोठाराची जागा एका नव्या कारखान्यात गेली. मंडळाला बसायला जागा उरली नाही. कारखान्याची कामगार वसाहत बांधून होत आली होती आणि तिथे एक खोली मोकळी होती. तिथले साहेब भले गृहस्थ, मागितली तर देतील, अशी पक्की बातमी पाटलांनी आणली. मागायला जाणार कोण? सचिव. रीतच तशी. पाटलांनी आणि मी नानांना समोर बसवून पाठ करून घेतलं. "एवढंच म्हणायचं. साहेब, मंडळाला एक खोली द्या."

नाना संध्याकाळी परत आले ते खुशीत. "फार चांगले गृहस्थ. धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. पक्की विटेची भिंत, पण बसवली खुंटी."

"आणि खोली?"

"तो विषय निघाला नाही."

"तुम्ही काढायचा होता की!" मी ओरडलो.

पाटील आणि मी दुसऱ्या दिवशी धावत गेलो. ती खोली त्याच सकाळी साहेबांनी पत्त्यांच्या क्लबाला देऊन टाकली होती. "ते तासभर बसले होते," साहेब हळहळले. "एक शब्द बोलले असते तर काल त्यांनाच दिली असती."

मंडळाची शेवटची सभा पाडायला काढलेल्या रिकाम्या कोठारात झाली. जागा नाही, वर्गणी येत नाही, कारण ती मागणं हेही सचिवांचंच काम. मंडळ बंद करण्याचा ठराव मी मांडला. पाटलांचा मात्र संयम सुटला.

"नाना, चार गावच्या भिती फोडल्या तुमी. येक खोली मागाय काय जीव जातो व्हय?"

नाना बोलले ते रोजच्याच आवाजात, गाडीची वेळ सांगावी तसे.

"आई गेल्यावर मला चुलत मामांकडे ठेवलं. पाच वर्षांचा असेन. सदरा एकच. पोर मळवील म्हणून मामी तो वरच्या खुंटीला ठेवायची. शाळेला निघताना रोज मागायचा. वाईट नव्हती हो मामी, कामात असायची. 'थांब जरा' म्हणायची. मी थांबायचो. शाळा भरून जायची. एक दिवस मागितलाच नाही, उघडाच गेलो. मास्तरांनी परत पाठवलं. पण मागायचं ते तेव्हापासून सुटलंच."

पाटलांनी खाकरून "ठराव मंजूर" म्हटलं. नाना उठले आणि हातोडीची पिशवी तिथेच ठेवून निघाले. ती मंडळाची वस्तू होती आणि त्यांनी मागितली नव्हती. शेवटी पाटलांनीच ती उचलून त्यांच्या खांद्याला अडकवली. "न्या की राव. आमी काय करायची ती?"

पुढच्या रविवारी नाना आमच्याकडे आले. पिशवी नव्हती. भिंतीवर टकटक नाही, भाषण नाही. एवढ्यात सुशी आली, त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि हात पुढे केला.

"टोपी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी हळूच टोपी काढून तिच्या हातात दिली, आणि तिने ती आपल्या खुंटीवर, आपल्या झबल्यावर अडकवली.

चहा झाला. नाना जायला उठले. टोपी त्यांच्या कमरेच्या खालीच होती, हात लांबवला तरी मिळाली असती. पण ते नुसते उभे राहिले. मी उठणार तेवढ्यात सुशी आतून पळत आली, टोपी काढली आणि "घ्या" म्हणाली. नानांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही. टोपी डोक्यावर घालायचंही त्यांना सुचलं नाही. ती हातात धरूनच ते वळणापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दारात नाना. आज टोपी आधीच काढून हातात घेतली होती. मला नमस्कार केला न केला, आणि आत डोकावून म्हणाले,

"सुशीताई, एवढी ठेवता का जरा?"