सगुणाच्या गाड्या

त्या सकाळी आम्ही नवराबायको सायकलवरून एका परदेशी मोटारीचं प्लॅस्टिक घेऊन घरी आलो. दोघांनी मिळून केलेल्या साध्या कामांतलं ते जवळजवळ शेवटचंच म्हणायचं. मी पायडल मारत होतो. सगुणा मागे कॅरिअरवर बसली होती आणि प्लॅस्टिकची मोठी घडी तिनं पोटाशी धरली होती. वारा आला की घडी फडफडायची आणि ती ओरडायची, "हळू चालवा, अवो! गाडी उडून जाईन माही!"

गाडी म्हणजे ते प्लॅस्टिक. हे नीट सांगावं लागेल.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडत. मोहाडीजवळच्या एका राईसमिलमध्ये जन्मभर हमाली केली, घरची थोडी धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, आहे. लिहायची मला सवय नाही. पण सगुणाबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि ती गेल्यापासून मला दुसरं काम नाही.

सगुणा आमच्या भागातल्या पैसेवाल्यांच्या नव्या मोटारींची पूजा करायची. मंत्र भटजीचे, हात हिचा. सुरुवात चुकून झाली. बांगलादेशची लढाई होऊन एक-दोन वर्षं झाली असतील, आमच्या मिलच्या शेठनं पहिली मोटार आणली. काळी, फुगीर पाठीची. भटजी म्हणाला, कुंकू लावायला सवाष्ण पाहिजे, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे अशी बाई. शेठाणी तर माहेरी गेलेली. तेवढ्यात सगुणा माझा भाताचा डबा घेऊन फाटकातून आत आली.

"अठी ये वो बाई," शेठ म्हणाला. "तुहा नवरा जिता हाये ना?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "ते काय, पोतं उचलून राह्यले. आतापर्यंत तरी जिते हायेत."

तिनं बोनेटवर कुंकवाचा पंजा मारला, नारळ फोडला, चाकांपुढे लिंबं ठेवली. त्याच संध्याकाळी शेठची मोटार म्हशीला वाचवताना रस्ता सोडून धानाच्या बांधीत शिरली आणि गुडघाभर चिखलात जाऊन बसली. आत पाच माणसं, पण कोणाला ओरखडा नाही. म्हैसही धड. दुसऱ्या दिवसापासून सगुणाचा हात चांगला ठरला. मी म्हटलं, हात नाही, चिखल चांगला होता. माझं कोण ऐकतं.

तोपर्यंत आमच्या भागात एका मालगुजाराची तेवढी मोटार होती आणि ती चालायची कमी, ढकलायची जास्त. पण त्यानंतर गाड्या वाढल्या. राईसमिलवाले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, नाकाडोंगरीकडचे मँगनीजवाले, साकोलीचे लाकूडवाले. एकानं आणली की दुसऱ्याचं जेवण कमी व्हायचं. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. पुढे ऐंशीच्या नंतर तर रंगीत गाड्या, गाणी लागणाऱ्या गाड्या, मुंबईहून आणलेल्या परदेशी गाड्या. एकीचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. सगुणा ओवाळायला उजवीकडे उभी राहिली, आत पाहिलं तर ड्रायव्हरच नाही. "चालवणाराच नाही आणला का शेठ?" सगळे हसले. शेठ हसला नाही.

प्रत्येकाला एकच विचारायचं असे. "सगुणाबाई, खरं सांग, माही मोठी का त्या साकोलीवाल्याची?"

"लोखंडच हाये शेवटी," ती म्हणायची, आणि बोनेटवर अशी थाप मारायची की मालकाच्या पोटात कळ यावी.

आता प्लॅस्टिक. नवी गाडी येते तेव्हा सीटांवर प्लॅस्टिक असतं. आमचे पैसेवाले ते काढतच नसत. आमचा उन्हाळा काय सांगावा. पाठ चिकटायची, उठताना चर्रकन आवाज यायचा, तरी काढत नसत. गाडी नवी दिसली पाहिजे ना. सगुणाला पैसा नको होता, लुगडं नको होतं. तिला ते प्लॅस्टिक पाहिजे.

"आधी पन्नी काढा, मंग नारळ."

"अवं बाई, गाडी जुनी दिसन!"

"भुईमुंगाची शेंग टरफलासकट खाता का शेठ?"

काढावंच लागे. आमच्या छपराच्या कवेलूंच्या खाली प्लॅस्टिक, कोंबड्यांच्या खुराड्यावर प्लॅस्टिक. रोवणीच्या दिवसांत बाया पावसात भिजायच्या आणि ही मँगनीजच्या ठेकेदाराची मागची सीट डोक्यावर घेऊन धान लावायची. "माह्या घरावर बारा गाड्या हायेत," असं पाहुण्यांना सांगे. पहिल्या काळ्या गाडीच्या प्लॅस्टिकची तिनं गादी शिवली होती, आत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली. ती माझ्या सायकलच्या कॅरिअरवर कायमची बांधलेली. तिच्यावर बसून ती गाड्यांच्या पूजेला जायची.

तिचा दुसरा हट्ट म्हणजे पूजेनंतर गाडी पहिल्यांदा पुढेच गेली पाहिजे, मागे नाही. तुमसरकडच्या त्या मँगनीजच्या ठेकेदारानं अंगणात गाडी अशी उभी केली की तिचं नाक थेट कुंपणाच्या भिंतीला लागलेलं. लिंबं ठेवून झाली आणि ड्रायव्हर मागे घ्यायला निघाला.

"थांब! मागं नोको घेऊ."

"मंग काय उडवू बाई?"

"भिंत पाडा."

ठेकेदार पोट धरून हसला. सगुणानं ताट उचललं, आंब्याखाली जाऊन बसली आणि तंबाखू मळायला लागली. अर्धा तास गेला. ठेकेदाराची बायको दोनदा बाहेर आली, दोनदा आत गेली. तिसऱ्यांदा आली ती नवऱ्याला म्हणाली, "भिंत पुन्हा बांधता येते. पाडा." हमालांनी सबलीनं भिंत पाडली. गाडी लिंबं चिरडत, विटा तुडवत, शेजाऱ्याच्या वांग्यांत जाऊन उभी राहिली. शेजारी जे बोलला ते मी लिहीत नाही. त्यानंतर आमच्याकडे गाडीची खोली बांधायची तर लोक पुढे एक दार आणि मागे एक दार ठेवायला लागले. तशा खोल्या अजून दिसतील. तुम्हाला वाटेल इंजिनेराचं डोकं. नाही.

आणि सगळं झालं की ती गाडीच्या बाजूच्या आरशाला तोंड लावायची. तो गाडीचा कान, असं तिचं म्हणणं. कानात सांगायची, "जसा नेशील तसा आण." एवढंच. मोठमोठे ठेकेदार तेवढा वेळ चपला काढून गप्प उभे राहत.

मला मात्र तिच्या गाड्यांनी छळलं. सवाष्ण म्हणजे नवरा जिवंत. म्हणून मला जिवंत ठेवणं हा तिचा धंदा होऊन बसला. माझ्या बिड्या चुलीत गेल्या. रोज सकाळी कारल्याचा रस. शिंकलो की ती पदर खोचून उभी. "तुमी मेले का माह्या गाड्या बंद. समजलं?"

एकदा मी चिडून म्हटलं, "तू मले नाही जपत, त्या लोखंडाले जपतेस."

"मंग? तुमच्यात काय पाहासारखं हाये?"

खरं सांगतो, मी ते खरं मानलं होतं. राग नव्हता. आम्हाला लेकरू नव्हतं. बाईला एखादा नाद पाहिजे, म्हणून सोडून दिलं.

पण एवढ्या गाड्यांना हात लावणारी बाई कधी गाडीत बसली नाही. पूजा झाली की शेठाणी म्हणायची, "बस वो, भैयालाल घरी सोडून देईन." भैयालाल म्हणजे शेठचा ड्रायव्हर, टकला, माझ्याहून लहान, आम्हाला बापू-काकी म्हणणारा. सगुणाचं उत्तर ठरलेलं. "मले गाडीत मळमळते." मग नव्या गाडीच्या समोरून आम्ही सायकलवर निघायचो, ती मागे आडवी बसून. चढ आला की उतरायची आणि मागून ढकलायची. पुढे पुढे माझे गुडघे गेले, तर सपाटीवरही ढकलायची. मी म्हणायचो, "काहून जीव काढतेस? मळमळलं तर मळमळलं, बसून जा ना." ती म्हणायची, "लोकाच्या नव्या गाडीत ओकू का?"

एका उन्हाळ्यात मिलवर मला ऊन लागलं. शुद्ध गेली. डोळे उघडले ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात. कसं आणलं मला, विचारलं. सगुणा म्हणाली, "मिलच्या ट्रकवर, कुकुसाच्या पोत्यावर टाकून." कुकुस म्हणजे धानाचा कोंडा. ही गोष्ट मी पुढे सगळ्या गावाला सांगितली. हमालाला पोत्यासारखं नेलं, म्हणून हसलोही.

तर ती शेवटची सकाळ. शेठचा मुलगा आता मोठा झालेला. त्यानं परदेशी गाडी आणली होती. बटण दाबलं की काच खाली जायची, आत गार हवा. पूजा झाली, प्लॅस्टिक काढून झालं. येताना बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर आम्ही थांबलो आणि खोबरं खाल्लं.

"काच आपोआप खाली जाते म्हणे," ती म्हणाली. "मंग हातानं करावं काय माणसानं?"

"खोबरं खावं," मी म्हटलं.

घरी आल्यावर तिला धानाच्या पुंजण्यावर, कापून रचलेल्या ढिगावर, ते प्लॅस्टिक टाकायचं होतं. ढग आले होते. एक टोक मी धरलं, एक तिनं. "ओढा तिकून. ओढा ना! कारल्याचा रस कुठी गेला?" टाकून झालं. टोकावर ठेवायला दगड पाहिजे होता. मी परसातून दगड घेऊन आलो तर ती पुंजण्याला टेकून बसली होती, प्लॅस्टिकचं टोक मुठीत. मी म्हटलं, सोड आता, दगड आणला. तिनं सोडलं नाही. मी दगड घेऊन किती वेळ उभा होतो ते मला माहीत नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं झालं. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. बाया येऊन पाया पडल्या. सवाष्ण गेली, नशीब काढलं, म्हणाल्या. मला ते नशीब कळलं नाही. मी आधी गेलो असतो तर तिचा चांगला हात एका दिवसात वाईट ठरला असता. ती गेली, तर माझ्या हाताला काहीच झालं नाही. तो जसा होता तसाच आहे. हे कोणी ठरवलं?

घाटावरून परतताना भैयालाल माझ्या बाजूनं चालत होता. म्हणाला, "बापू, एक गोष्ट पोटात ठेवली होती. काकीची शपथ होती, आता फिटली म्हणा."

"बोल."

"ऊन लागलं होतं तुमाले, तवा ट्रक नव्हता जी. शेठची काळी गाडी होती. मीच चालवली. काकी मागं बसली, तुमचं डोकं मांडीवर घेऊन. निघताना आरशात तोंड घालून गाडीले सांगतलं, जसा नेशील तसा आण."

मी थांबलो. "मळमळलं असन तिले."

"भंडाऱ्यापर्यंत एकडाव नाही. रस्ताभर पदरानं तुमाले वारा घालून राह्यली होती. मी म्हटलं, काकी, तुमाले तर गाडी सोसते! तं म्हणे, भैयालाल, तुह्या बापूले सांगशीन नोको. त्यायले कळलं तं मले गाडीत बसवतीन अन् सोता एकटे सायकल हाकत येतीन."

इतकी वर्षं तिनं माझ्या मागे बसायला खोटं सांगितलं आणि माझ्या टकुऱ्यात प्रकाश पडला नाही. वर मीच म्हणत होतो, बसून जा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख उचलली. मडक्याला पांढरं फडकं बांधलं. वैनगंगा आमच्याकडून दोन कोस. घरी आलो तर दारात शेठच्या मुलाची परदेशी गाडी उभी. बोनेटवर तिच्याच हाताचा कुंकवाचा पंजा, अजून ओला असल्यासारखा. सीटा उघड्या. भैयालालनं मागचं दार उघडून धरलं.

"बसा बापू. छोट्या शेठनं पाठवली. नदीवर नेतो अन् आणतो."

मी गाडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मले गाडीत मळमळते," मी म्हटलं.

भैयालालनं माझ्याकडे पाहिलं आणि दार हळूच लावलं.

मी सायकल बाहेर काढली. कॅरिअरवरची गादी हातानं झटकली. तणीस एका बाजूला सरकलं होतं, ते ठोकून सारखं केलं. मडकं गादीवर ठेवलं, दोरी दोनदा फिरवून गाठ मारली, मग हलवून पाहिलं, मग तिसऱ्यांदा फिरवली. पायडलवर पाय ठेवला आणि हळू चालवत निघालो.

चढ लागला तिथे मी उतरलो आणि ढकलत नेली.

गाडी मागे येत होती. हॉर्न नाही, काही नाही.

मी वळून पाहिलं नाही.