भरलेल्या टाकीची मोटार

एका जंगलात एक मोटार होती. मुलांनो, जंगलात मोटार कुठून आली, असं विचारू नका. जंगलात राजा कुठून आला, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मोटार जुनी होती. सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची, दार लावलं की लोखंडी कपाटासारखा आवाज करणारी. ती रावजी अस्वलाची होती. खरं म्हणजे त्याच्या बायकोची, गोदाबाईची. चालवायची तीच. रावजी शेजारी बसून मध खायचा आणि समोरून कोणी येतंय का ते सांगायचा. बहुतेक वेळा उशिरा सांगायचा.

गोदाबाईचा पेट्रोलच्या काट्यावर विश्वास नव्हता. निघण्याआधी ती एक वेताची काठी टाकीत बुडवायची, बाहेर काढून बघायची आणि म्हणायची, "घाटापर्यंत होईल. पुढचं नाही." मग पेट्रोल भरायची. जंगल तिला हसायचं. समोर एवढी काचेची तबकडी असताना बाई काठ्या बुडवते.

मग गोदाबाई गेली. कशानं, ते या गोष्टीत नाही.

त्या जंगलात एक रीत होती. घरातलं कोणी गेलं की वर्ष होईपर्यंत त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. भेटायला येणाऱ्यानं विचारायचं, "बरं आहे ना?" घरच्यानं म्हणायचं, "बरं आहे." मग येणारा सुटल्यासारखा चहा प्यायचा. ही रीत घुबड सांभाळायचं. घुबड सगळ्यांत वयस्कर होतं, आणि दिवसा दिसत नसल्यामुळे त्याच्या मताला मान होता.

म्हणून काठी दाराशेजारच्या खिळ्याला तशीच टांगलेली राहिली. रावजी दर गुरुवारी मोटारीत जाऊन बसायचा. शेजारच्या सीटवर, म्हणजे आपल्या. तिथून हात लांब करून इंजिन सुरू करायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा. मोटार कुठे जात नसे. पेट्रोल जात होतं. काटा मात्र भरल्या खुणेवरून हलला नाही.

एके सकाळी घाटापलीकडून लेकीचा निरोप आला. लेकीचं नाव शेवंती. तिला मुलगी झाली होती आणि आज बारसं होतं. नाव आईचं ठेवायचं होतं. माणसांत बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, अस्वलांत आजोबा सांगतो. दिवेलागणीनंतर सांगितलेलं नाव धरत नाहीत. मग सासूच्या पसंतीचं लागतं. शेवंतीच्या सासूला 'ढबी' पसंत होतं.

रावजीला काट्याची शंका आली. इतके गुरुवार काहीतरी पेट्रोल पिऊन गेले असणारच. त्यानं काठीकडे पाहिलं. मग समोरच्या झाडावरच्या घुबडाकडे पाहिलं. घुबडानं मान पूर्ण मागे फिरवून नाही म्हटलं. वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते, पण उरले होते.

रावजी मोटार ढकलत माकडाकडे गेला. जंगलातलं गॅरेज आणि पेट्रोलपंप दोन्ही माकडाचेच होते. पेट्रोल टाक म्हटल्यावर माकडानं आधी तबकडी पाहिली आणि हात वर केले. भरलेल्या टाकीत पेट्रोल टाकायचं नाही, असा पंपाचा नियम होता. मग काटा तरी तपास, रावजी म्हणाला.

एवढ्यात कोल्हा आला, आणि मागून घुबडासकट बघे. कोल्हा पुरातन वाहनप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच्याकडे मोटार नव्हती. मंडळाकडे मोटार एकच होती, ती रावजीची. रावजी सभासद नव्हता.

"काटा मूळचा आहे," कोल्हा म्हणाला. "मूळच्या वस्तूवर शंका घेतली की गाडीची इभ्रत जाते."

तरी काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून माकड मोटारीखाली शिरलं. टाकीतून आलेली एक तार त्याच्या हाताला लागली. माकडच ते, त्यानं ओढली. वर तबकडीतला काटा आडवा पडला. शून्यावर.

मुलांनो, तुमच्यापैकी एखाद्याला कळलं असेल. तार काढल्यावर काटा पडला, म्हणजे काटा ठणठणीत होता. दोष टाकीच्या पोटात होता. तिथे पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा असतो. पेट्रोल उतरलं की तो उतरतो आणि काट्याला तसं कळवतो. गोदाबाईनं शेवटची टाकी भरली तेव्हा हा गोळा वर गेला आणि तिथेच अडकून बसला. काटा खोटं बोलत नव्हता. तो अजून त्या दिवसाचंच सांगत होता.

पण ज्याला हे कळलं असतं, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"पेट्रोल कुठे गेलं?" कोल्ह्यानं विचारलं. सगळे माकडाकडे बघू लागले. माकडाच्या तोंडाला पेट्रोलचा वास येत होता. तो रोजच यायचा, पण आज तो सगळ्यांना आला. घुबडानं पंचायत बसवायची भाषा काढली. घाबरलेल्या माकडानं तार परत जोडली. काटा टुणकन भरल्या खुणेवर गेला.

कोल्ह्यानं माकडाला मिठी मारली. एका क्षणात टाकी भरणारा कारागीर जंगलानं आजवर पाहिला नव्हता. दोन खारी घरी धावल्या आणि आपले रिकामे डबे घेऊन आल्या. त्यांनाही तार जोडून हवी होती.

"तार जोडली हे ठीक," रावजी म्हणाला. "पेट्रोल कुठून आलं?"

कोल्ह्यानं त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. "रावजीकाका, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो."

रावजी गोदाबाईच्या सीटवर बसला. सीटला हात लागतो त्याचं काय, असं कोणीतरी विचारलं. बारशाच्या लाडवांसाठी घुबडालाही यायचं होतं, म्हणून सीट मूळची कंपनीची आहे, असा त्यानं निकाल दिला. घुबड, कोल्हा आणि माकड मागे बसले.

घाटाच्या मध्यावर मोटार खोकली आणि थांबली. ऊन उतरायला लागलं होतं.

कोल्ह्यानं पुढे वाकून काटा पाहिला. "भरलेली आहे. म्हणजे थांबलेली नाही."

"थांबल्यासारखी वाटते," घुबड म्हणालं. "वाटण्यावर जाऊ नये."

माकडानं उतरून तार काढली आणि परत जोडली. काटा पडला आणि उठला. तिघांचं समाधान झालं.

रावजी उतरला. "मी चालत जातो."

"भरलेली मोटार सोडून?" कोल्हा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

रावजी चालू लागला. जाड अंगाचा, वयस्कर, मध्येच बसणारा. शेवंतीच्या दारात पोचला तेव्हा अंधार पडला होता. अंगणात अंधार, ओसरीवर अंधार. पाहुणे एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. सासू पाळण्याशेजारी बसून बडबडत होती, की असलं बारसं तिनं जन्मात पाहिलं नाही, आणि आताही दिसत नाही.

शेवंतीनं दिवा लावलाच नव्हता. दिवा नाही, तर दिवेलागण नाही. काड्यापेटी तिच्या मुठीत होती.

"बाबा," ती अंधारात म्हणाली, "बरं आहे ना?"

रावजीनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाही गं," तो म्हणाला.

शेवंतीनं त्याचा हात धरून त्याला पाळण्याशी नेलं. त्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग तिनं काडी ओढली.

वर्ष झालं त्या दिवशी रावजीनं खिळ्यावरची काठी काढली, पेट्रोलचा डबा घेतला आणि घाटात गेला. ते तिघे अजून मागच्या सीटवरच होते. कधीही न थांबलेली मोटार म्हणून कोल्ह्यानं तिला मंडळाचा हारही घातला होता.

तात्पर्य : मुलांनो, काटा भरल्या खुणेवर अडकला असेल, तर तो सोडवू नये. मागच्या सीटवरच्यांची त्यानं फार सोय होते, आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा गार होत नाही. टाकीत काय आहे, ते आपल्यासाठी दिवा न लावता थांबलेल्यालाच सांगावं.