नावेत हरलेल्या पथकाची हकीकत

चेंडूस गती आणि पंचांस दृष्टी देणाऱ्या देवतेस प्रथम नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघमासी एके राज्यात हॉकी नामे खेळाची मोठी चढाओढ जाहली. पथके आठ, प्रत्येकाचे सामने सात, जिंकिल्यास गुण दोन, बरोबरीस एक, आणि गुणांचा तक्ता राजवाड्याचे देवडीवर टांगिला. कायदा ऐसा की, नौबत वाजतेसमयी जे पथक मैदानी उभे नसेल ते हरले समजावे. नदीपलीकडील ठाण्याचे पथक दस्तगीर उस्ताद यांनी तयार केले होते. उस्ताद सत्तरीचे, तीस वर्षे पोरांस काठी धरावयास शिकवीत आले, गुडघे दुखत, तरी आवाज कधी चढला नाही. नदीस नाव एकच, आणि नावाडी ती भरल्याविना सोडीना, म्हणोन चार वेळा पथक पाण्यात आणि नौबत मैदानात, ऐसे जाहले. उरल्या तिहींत एक जिंकिला, एक बरोबरीत सुटला, एक गमाविला. गुण तीन, तक्त्यात आठवे. पहिले खाशांचे, म्हणजे राजघराण्यातल्या मंडळींचे पथक, ते राजवाड्यासमोरच राहत.

मग महाराजांनी आज्ञा केली की, आठवे पथक मोडावे आणि काठ्या जामदारखान्यात जमा कराव्या. ते ऐकोन उस्ताद दरबारी गेले. फडणीस नागोपंत हसोन बोलिले, "या, नावेतले वीर! आज वेळेवर कैसे?" उस्ताद बोलिले, "पंत, काल निघालो." आणि महाराजांस अर्ज केला की, "खाशांशी आमचा सामना जाहलाच नाही, तो एक खेळू द्यावा." महाराज म्हणाले, "जिंकाल तर राहाल."

मग पथक एकवार पदरमोड करोन आदले दिवशी नदी उतरोन धर्मशाळेत राहिले आणि दुसरे दिवशी सामना जाहला. खाशांनी अवघा वेळ चेंडू आपलेकडे राखिला, नऊ वेळा गोलावर आले, आणि गोलरक्षकाने नऊही वेळा अडविले. अखेरीस सटवाजी नामे आघाडीच्या गड्याने आडवी काठी मारिली, तो चेंडू खाशांच्याच एकाचे टाचेस लागोन आत गेला. एक गोल, आणि सामना जिंकिला. महाराज उठोन उभे राहिले आणि बोलिले, "तक्ता खोटा! उस्ताद, आजपासोन तुमचे पथक पहिले!"

पोरे नाचू लागली. उस्तादांस मात्र थकवा आला. एका सामन्याने कोणी पहिला ठरत नाही, हेच पोरांस तीस वर्षे सांगितले, आता राजासही सांगणे आले. ते बोलिले, "सरकार, हेही खोटे. दहा वेळा खेळलो तर खासे सहा वेळा जिंकतील. आज टाच कामी आली."

सटवाजी बाही ओढोन पुटपुटला, "उस्ताद, गप बसा की!"

नागोपंत तत्काळ बोलिले, "महाराज, हे आपल्याच तोंडाने सांगताहेत. मग आठवेच खरे. काठ्या जमा कराव्या."

महाराजांची मुद्रा उतरली. "उस्ताद, पहिले नाही म्हणता, आठवे नाही म्हणता. मग आहा तरी कितवे?"

"ते मजला ठाऊक नाही, सरकार. सात सामन्यांत थोडके कळते, एकात त्याहोन थोडके, आणि न खेळलेल्यात काहीच नाही. आम्हांस पहिला नंबर नको. दुसरी नाव द्यावी."

मग महाराजांनी नाव दिली आणि पथक राहिले.

पुढले साली सातही सामने खेळले, तीन जिंकिले, चार गमाविले, तक्त्यात पाचवे आले. नागोपंत देवडीवर भेटले आणि म्हणाले, "उस्ताद, चार तेव्हा नावेत हरलात, चार आता मैदानात. नावेचा उपयोग काय जाहला?"

उस्ताद गुडघा चोळीत बोलिले, "पंत, गेले साली नावाडी हरला होता. यंदा आम्ही हरलो. आता पोरांस काय शिकवावे ते कळले." आणि नाव सुटावयाची होती, म्हणोन हळूहळू घाटाकडे चालू लागले.

ऐसा हा मजकूर. तक्ता आजही देवडीवर आहे आणि लोक तो वाचोनच पथक ओळखितात. उस्ताद त्यांसही समजावितात. इति.