छाटणीचा माल

दादाची पुस्तकं वहिनीला न विचारता निवडायची, एवढंच कुलदीपनं ठरवलं. (आजवरची सगळी मोठी संकटं त्यानं अशीच, कोणाला न विचारता घरी आणली होती.)

दादा म्हणजे पांढुर्ण्याचे गौतम सर. महिन्यापूर्वी दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. वाचनालयानं त्यांच्या नावाचं काचेचं कपाट करायचं ठरवलं. त्यात सरांची जिवाभावाची पुस्तकं. ती निवडणार दामिनीवहिनी. पण ती माहेरी सौसरला गेलेली, आणि दादाशिवायच्या घरात नुसतं बसून राहणं कुलदीपला जमेना.

शाळा त्यानं चौथीतच सोडली होती. पण संत्री निवडण्यात मंडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुस्तकंही त्यानं तशीच निवडली. साल चकचकीत, हाताला वजनदार, डाग नाही, तो पहिल्या नंबरचा माल: कपाटात. साल सुटलेली, डाग पडलेला, दाबलं की दबणारा, तो छाटणीचा. संत्र्याची छाटणी रसवाल्याकडे जाते. पुस्तकांची त्यानं क्रेट भरून भजीवाल्या कलाबाईला देऊन टाकली. तसंही कपाटाच्या उद्घाटनाला भजी तिचीच होती.

उद्घाटनाचे अध्यक्ष होते यशवंतराव, स्वतःच्या खर्चानं कवी झालेले. कपाट उघडताच त्यांना आपले सगळे संग्रह ओळीनं दिसले आणि त्यांनी सरांच्या फोटोला हात जोडले.

"सर माझ्या कवितेवर जगले हो!"

मग गावातले बाकीचे कवीही आपापलं पुस्तक शोधू लागले. सापडलंही प्रत्येकाला. एकाचं मात्र खालच्या कप्प्यात निघालं, तेव्हा तो रागानं घरी निघाला. त्याला भज्यांच्या वासानं थांबवलं.

तेवढ्यात सौसरहून वहिनी आली आणि कपाटासमोर थबकली.

"भाऊजी, हे काय करून ठेवलं? ही तर सत्कारात मिळालेली. यांनी एकही उघडलं नव्हतं."

"मंग इतकी जपून कायले ठेवली होती?"

"जपून नाही, एका कोपऱ्यात बांधून ठेवली होती. उशाशी असायचं ते कुठं आहे? कव्हर निघालेलं, चहाचे डाग पडलेलं?"

ते तर कुलदीपनं छाटणीच्या क्रेटमध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं.

"दरवर्षी वाचायचे ते," वहिनी म्हणाली. "यावर्षी दवाखान्यात शेवटचं पान तेवढं राहिलं. आज फोटोसमोर मी वाचून दाखवणार होती."

कुलदीपनं हॉलभर नजर फिरवली. प्रत्येकाच्या हातात एक पान होतं आणि पानावर भजी. तो धावतच बाहेर कलाबाईच्या गाडीवर गेला.

"मावशी, थांब! किती फाडले?"

"बोंबलतं कायले? वरचं एकच घेतलं. त्याचे पानं तं सुटूनच राहिले होते, फाडाबी नाई लागले."

तो आत परतला तर हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली. माइकवर भाषण चालू होतं, पण ऐकतो कोण? यशवंतराव भजं बाजूला सारून तेलकट पान उजेडाला धरून बसले होते.

"अरे, पुढचं पान कोणाकडं आहे? तो विहिरीपाशी पोचला अन् इथंच संपलं!"

"माझ्याकडं आहे. पण आधी तुमचं द्या."

(वाचनालय उघडल्यापासून तिथं एकाच वेळी इतकं वाचन कधी झालं नव्हतं.)

कुलदीपनं भज्यांचं रिकामं ताट घेऊन पानं गोळा केली. वहिनी एकेक पान पदरानं टिपून नंबरानं लावत गेली. सगळी लागली. फक्त शेवटचं नाही. आता कवी, श्रोते, माइकवरचा वक्तासुद्धा टेबलाभोवती जमले.

"शेवट कोणाकडं आहे? बोला न!"

आणि कुलदीपला आठवलं. फोटोला हार घातला तेव्हा दोन मिरची भजी घेऊन तो मागच्या दारी गेला होता. (महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. मिरची खाल्ली की डोळ्यातल्या पाण्याचं कारण कोणी विचारत नाही.)

"वहिनी, ते पान माह्याजवळ होतं. मी त्यानं नाक पुसलं... अन् नालीत फेकलं."

वहिनीनं हातातली पानं टेबलावर ठेवली. यशवंतरावांना मात्र राहवेना.

"अरे बाबा, पुसायच्या आधी एक नजर तरी टाकायची!"

"टाकली होती साहेब. डोळ्यात पाणी होतं, अक्षरंच दिसले नाई."

वहिनीनं तोच तेलकट पदर डोळ्याला लावला. यशवंतरावांनीही मान खाली घातली.

इतक्या माणसांना आपल्यामुळे वाईट वाटावं, हे काही कुलदीपला बघवेना.

"अन् दिसले असते तरी," तो म्हणाला, "मले जोडाक्षरं कुठं येते!"